जुनी, गंजलेली गाडी दुरुस्त करावी की काढून टाकावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरला की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतची आपली मंडळी मला गाड्यांच्या पोटाचे फोटो पाठवायला लागतात. मी बडोद्यात २३ वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो, त्यामुळे सडलेला पतरा बघायची सवय आहे. फोटोवरून निदान करायची मात्र नाही. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एका ठिकाणी मांडले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत.

१. मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फुगे आलेत. म्हणजे गाडी गेली का?

नुसत्या फुग्यावरून काही ठरत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून वर ढकलतो. खडा लागून रंग उडाला आणि तिथून ओल शिरली, तर गंज बाहेरून आत चाललेला असतो. घासून, प्रायमर मारून, रंग देऊन तो स्वस्तात आटपतो. पण कमानीच्या आतल्या घडीत वर्षानुवर्षं चिखल साठून पतरा मागून सडत आला असेल, तर बाहेरचा फुगा म्हणजे नाटकाचा शेवटचा अंक. पतरा मुळात जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड, त्यात खाण्यासारखं असतं तरी किती! कमानीत आतून हात फिरवा. बोटांना खपल्या लागून गळून पडल्या, तर गंज मागून आलेला आहे.

तरीही कमान, दार, बॉनेट, डिकीचं झाकण ही गाडीची कातडी आहे. कातडी विद्रूप झाली तरी गाडी चालते. हाडांचं काय ते प्रश्न ३ मध्ये.

२. घरच्या घरी तपासता येईल का? गॅरेजवाला उगाच घाबरवतोय असं वाटतं.

येईल, आणि गॅरेजमध्ये जाण्याआधी तपासाच. एक टॉर्च, एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि फ्रिजवरचं लोहचुंबक एवढं पुरे.

आधी पायाखालचे मॅट काढा आणि त्याखालचा नमदा उचला. गाडी धुतली, पुसली, पॉलिश केली, पण नमदा कधी उचलला नाही अशी घरं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. नमदा दाबल्यावर ओल लागली तर खालचा फ्लोअर संशयित. मग लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांचा खालचा भाग, कमानी आणि दाराखालची उंबरठ्यासारखी पट्टी, जिला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, तिच्यावर फिरवा. जिथे ते एकदम सैल पडतं तिथे पतऱ्यावर लांबीचा, म्हणजे पुटीचा, जाड थर आहे. प्लॅस्टिकच्या भागांवर ते चिकटणारच नाही, तिथे घाबरू नका.

शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोका. चांगला पतरा टणकन वाजतो, सडलेला भद्द बोलतो. भद्द आवाज आला तिथे टोक दाबा. पापडासारखं मोडून टोक आत गेलं तर उत्तर मिळालं.

याहून सोपी परीक्षा माझी वाघोडिया रोडवर झाली होती. पंक्चर झालं, जॅक लावला, फिरवतोय, फिरवतोय, जॅक वर चढतोय आणि गाडी तिथेच. वाकून पाहिलं तर जॅकचं डोकं रनिंग बोर्डच्या आत गेलेलं. जॅक लावायची जागा मुद्दाम मजबूत केलेली असते, तीच गेली म्हटल्यावर मला पुढे काही तपासावं लागलं नाही. आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. गंजलेल्या गाडीखाली तर नाहीच. पोट बघायचं तर रॅम्पवर.

३. नेमका कोणता भाग सडला असेल तर पैसे घालूच नयेत?

किती गंज आहे यापेक्षा तो कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पतऱ्याचे पेटीसारखे भाग एकमेकांना जोडून सगळा सांगाडा होतो, म्हणून काही ठिकाणचं भोक फक्त भोक नसतं.

माझ्या लेखी सगळ्यात वाईट जागा म्हणजे बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणारे शॉकअपचे घुमट. त्यांच्याभोवती पतरा तडकला किंवा थरथरांनी सुटू लागला, की स्टिअरिंगचा भरवसा गेला. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे-मागे जाणारे लांब मेंबर तितकेच महत्त्वाचे. धडकेचा जोर तेच पोटात घेतात. चाकं धरणारे खालचे आर्म जिथे बसतात तो आडवा दांडा, म्हणजे क्रॉसमेंबर, बोल्टने लावलेला असेल तर बदलता येतो, पण ज्या मेंबरला बोल्ट लागतात तोच खिळखिळा असेल तर नवा क्रॉसमेंबर लावून काय उपयोग? मागच्या शॉकअपच्या आणि अॅक्सलच्या जागा, सीटचे रूळ आणि सीटबेल्टचे बोल्ट पतऱ्यात घुसतात त्या जागा याच यादीत.

यातली एकच जागा, एकाच बाजूला, थोडी गेली असेल तर चांगला वेल्डर ती वाचवू शकतो. दोन-तीन जागा एकदम गेल्या असतील तर एस्टिमेट मागूच नका, थेट प्रश्न १३ वाचा.

फ्लोअरमधलं भोक भीतीदायक दिसतं, पण सीटच्या बोल्टांपासून लांब असेल तर दुरुस्तीला सोपं असतं. ब्रेकचे लोखंडी पाइप गंजले असतील तर ते बदलायचेच, आजच. त्याचा खर्च गाडी ठेवायची की नाही या हिशेबात धरू नका. उद्या गाडी विकायची असली तरी आज ती कोणीतरी चालवणारच आहे.

४. मिस्त्री म्हणतात, "साहेब, वरून पतरा मारून देतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा." चालेल का?

दोन दिवसांत चालेल, दोन पावसाळ्यांत नाही. सडलेल्या पतऱ्यावर नवा पतरा ठेवून कडेने चार टाके मारले, की मधे ओल आणि जुना गंज दोन्ही कोंडले जातात. मग नवा पतराही आतून जातो.

नीट काम असं असतं: चकाकणारं लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापायचा, त्या मापाचा तुकडा बसवायचा, जमेल तिथे गॅसऐवजी सीओटू वेल्डिंग करायचं, कारण गॅसच्या आचेने आजूबाजूचा पातळ पतरा वाकतो आणि मूळचं संरक्षणही जळतं. मग प्रायमर, सांध्यावर सीलर, आणि पेटीच्या आत पोहोचणारं मेणासारखं कोटिंग. या शेवटच्या पायरीवर बहुतेक ठिकाणी टाळाटाळ होते, कारण ती गिऱ्हाइकाला दिसत नाही. वेल्डिंगआधी बॅटरी सोडली का, पेट्रोलची टाकी उतरवली का, हेही विचारा. प्रत्येक पायरीचा फोटो मागा. चांगला कारागीर फोटो द्यायला कां-कू करत नाही.

गंज न काढता त्यावर काळं अंडरकोटिंग मारून घेणं म्हणजे ओल्या जखमेवर चिकटपट्टी.

५. गाडीची किंमत सत्तर हजार आणि एस्टिमेट पंचावन्न हजारांचं. एवढे पैसे कोण घालतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि माझ्या मते चुकीच्या टोकाने विचारलेला. गाडी विकायची नसेल तर विक्रीची किंमत निम्मीच गोष्ट सांगते. खरा हिशेब वर्षाला किती पडतं याचा.

समजा वेल्डिंग-रंगाचे ५५ हजार, आणि टायर, क्लच मिळून आणखी २५. गाडी आज आहे तशी, गंजासकट, विकली तर ४० हजार येतील, हे पैसे तुम्ही सोडताय, म्हणजे तेही खर्चातच धरा (ही ओळ सगळे विसरतात). झाले १ लाख २० हजार. शेवटी भंगारचे २० हजार परत येतील असं धरलं तर निव्वळ १ लाख. गाडी ४ वर्षं चालली तर वर्षाला २५ हजार. आता दुसरी बाजू: साडेतीन लाखांची वापरलेली गाडी घेतली आणि ४ वर्षांनी १ लाख ८० हजारांना विकली, तर वर्षाला ४२ हजार ५००, वर जास्तीचा विमा. दुरुस्ती जिंकली.

पण तीच दुरुस्ती २ वर्षंच टिकली तर? वर्षाला ५० हजार. हरली. सगळा हिशेब "किती वर्षं टिकेल" या एका आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा हिशेबाच्या वहीत सापडत नाही, गाडीच्या पोटात सापडतो. म्हणून आधी प्रश्न ३, मग कॅल्क्युलेटर.

एस्टिमेट लेखी घ्या, आणि पतरा उघडल्यावर रक्कम वाढणार हे गृहीत धरा. "इतक्याच्या वर गेलं तर काम थांबवून फोन करा" असा आकडा आधीच सांगून ठेवा.

गाडी वर्षाला दीड-दोन हजार किलोमीटरच फिरत असेल, म्हणजे डॉक्टर, लग्नं आणि नारेश्वरची एखादी चक्कर, तर दुरुस्तीही नको आणि नवीही नको. रिक्षा आणि भाड्याची गाडी स्वस्त पडते.

६. २०२४ च्या पुरात गाडी अर्धी पाण्यात होती. तेव्हा साफ केली, चालतेही चांगली. आता गंज दिसतोय. संबंध आहे का?

बहुधा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. तिची धोक्याची पातळी २६ फूट. समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, मुंजमहुडा या भागांत गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात राहिल्या. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता, तेव्हाच्या गाड्याही अजून रस्त्यावर आहेत. रस्त्यांवर मगरी आल्या त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. रनिंग बोर्डच्या पोटात बसलेला गाळ कोणी पाहिला नाही.

तो गाळच खरा चोर. पाणी निघून जातं, गाळ पाणी निचरायची भोकं बुजवतो आणि पुढचे दोन-तीन पावसाळे ओल धरून ठेवतो. त्या वेळी सीटा काढून, नमदा बाहेर वाळवून, भोकं मोकळी केली होती का, हे आठवा. नुसतं शॅम्पू आणि व्हॅक्यूम झालं असेल तर आत्ता तरी रनिंग बोर्डची रबरी बुचं काढून आत पाण्याचा फवारा सोडा. तपकिरी पाणी किती वेळ येतं ते बघाच. नंतर दोन-तीन दिवस कडक उन्हात दारं उघडी ठेवून सुकवा आणि मगच आतून मेण-कोटिंग.

अशा गाडीत पतऱ्यापेक्षा वायरिंग आधी दगा देतं. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बऱ्याच गाड्यांत गिअरजवळ खाली असतो. एअरबॅगचा दिवा पेटून राहत असेल, आणि वर प्रश्न ३ मधली एखादी जागाही गेली असेल, तर मी ती गाडी ठेवणार नाही.

७. आमच्याकडे पूर आलाच नाही, तरी डाव्या बाजूचा फ्लोअर गंजलाय. असं कसं?

एसी. त्याचं पाणी बाहेर नेणारी बारीक नळी तुंबली की पाणी डॅशबोर्डखालून नमद्यात उतरतं, बहुतेक गाड्यांत डावीकडे. बडोद्याचा उन्हाळा म्हणजे चार महिने एसी चालू. गाडी थांबल्यावर खाली डबकं पडत नसेल तर नळी तुंबली असं समजा. हवेचा झोत मारून ती साफ होते. दुसरा संशयित म्हणजे पुढच्या काचेचं म्हातारं रबर. कारण दूर केल्याशिवाय फ्लोअरला वेल्डिंग करू नका.

८. विम्यातून गंजाचे पैसे मिळतात का?

नाही. गंज ही झीज, आणि झीज पॉलिसीत वगळलेली असते. पुराचं नुकसान मिळतं, पण सर्वसमावेशक पॉलिसी असेल तरच. नुसत्या थर्ड पार्टीत तुमच्या स्वतःच्या गाडीला काही नाही.

जुन्या गाडीच्या बाबतीत दोन गोष्टी लोकांना क्लेमच्या दिवशी कळतात. एक, गाडी १० वर्षांपुढची असेल तर धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. रबर, प्लॅस्टिक, बॅटरीवर वय काहीही असो, ५० टक्केच. दोन, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही १ लाख २० हजार असेल तर ही रेघ ९० हजारांवर आहे. गाडी ५ वर्षांची झाल्यावर आयडीव्ही ठरीव कोष्टकाने नाही, तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी हप्ता शंभर-दोनशेने वाचवायला ती पाडून घेऊ नका.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारून इंजिनात पाणी ओढलं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत मान्य होणं कठीण. मी स्वतः असे क्लेम नाकारले आहेत, आणि शिव्याही खाल्ल्या आहेत.

९. गाडीला १५ वर्षं होत आलीत. आधी दुरुस्ती करू की आधी आरसीचं बघू?

दोन्ही एकत्र बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढते. फॉर्म २५, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ पासून कारसाठी ५ हजार झालं आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी १० हजार. अर्ज भरण्याआधी परिवहन पोर्टलवर त्या दिवसाचा आकडा पाहून घ्या. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा.

वेल्डिंग-रंग तपासणीआधी करून घ्यावा, हे उघड आहे. पण प्रश्न ५ च्या हिशेबात हे शुल्कही घाला. आणि मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील आणि गाडी तळ्यात-मळ्यात असेल, तर निर्णय आरसीच्या तारखेआधी घ्या, नंतर नाही.

१०. पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी आणि दहा वर्षांनंतर डिझेल गाडी बंद होते ना?

तो वाद दिल्ली आणि एनसीआरचा. गुजरातेत नूतनीकरण झालं, विमा आणि पीयूसी चालू असली, की गाडी चालते. नात्यातल्या कोणाची दिल्लीची गाडी स्वस्तात इकडे आणत असाल तर एनओसी आधी हातात घ्या, पेढे नंतर वाटा.

११. सीएनजी किट आहे. वेगळं काही बघायचं का?

डिकीचा फ्लोअर. लोखंडी सिलिंडर भरलेला असताना त्याचं ओझं एका माणसाएवढं असतं, आणि ते चार बोल्टांवर उभं असतं. बोल्टांभोवती गंज दिसला तर गाडी तोवर पेट्रोलवर चालवा आणि सिलिंडर उतरवून खालचा पतरा बघा. सिलिंडरची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करावीच लागते. त्याच वेळी हे बघून घेतलं तर मजुरी एकदाच पडते. वेल्डिंग सिलिंडर गाडीत ठेवून कोणी करत असेल तर तिथून निघा.

१२. आमची शेवरले आहे. हालोलला बनलेली. पार्ट मिळतील का?

हालोलचा कारखाना एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला कंपनीने भारतातली विक्री थांबवली. इंजिनाचे, ब्रेकचे, रोजच्या झिजेचे भाग अजून बाजारात फिरतात. अडतं ते पतऱ्याच्या भागांचं. कमान, दार, क्रॉसमेंबर लागणार असेल तर आधी तो भाग डोळ्यांनी बघा, हातात घ्या, मग गाडी उघडायला द्या. भाग येईपर्यंत गॅरेजच्या बाहेर पावसात उघडी पडलेली गाडी तीन महिन्यांत दुप्पट सडते.

१३. ठरलं, काढायची. नेहमीच्या भंगारवाल्याला देऊ का? तो जास्त पैसे देतोय.

देऊ नका. त्याने गाडी नेली तरी आरसी तुमच्या नावावर राहते. ती गाडी किंवा तिचा चेसिस नंबर पुढे कुठल्या भानगडीत सापडला तर पोलीस तुमच्या दारात येतात. गाडी मोडीत निघाली की १४ दिवसांत आरटीओला कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. गाडी जमा केल्याचं ठेव-प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) केंद्र देतं. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात राज्याच्या नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते आणि नोंदणी शुल्क माफ होतं. नवी गाडी घेणार असाल तर भंगारवाल्याच्या चार जास्तीच्या हजारांपेक्षा हे मोठं असतं. नवी घेणारच नसाल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला देता येतं. चलान आणि कर्जाचा बोजा आधी मिटवा. तिथेच बहुतेकांचे दोन आठवडे जातात.

१४. मुलगा कॅनडात आहे. त्याची गाडी तीन वर्षं कव्हर घालून उभी आहे. चाललीच नाही तर गंजणार कशी?

चालली नाही म्हणूनच. कव्हरखाली ओल कोंडते, ब्रेकच्या डिस्क आणि ड्रम गंजून चिकटतात, अर्धी रिकामी पेट्रोलची टाकी आतून घाम धरते, आणि पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढून घेतं. सेल्फ मारण्याआधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. हँडब्रेक ओढून उभी केली असेल तर जोर लावून ढकलू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. पतऱ्याची तपासणी प्रश्न २ प्रमाणेच. अशा गाड्यांची हाडं बहुधा चांगली निघतात, म्हणून मुलाला विचारल्याशिवाय फुंकून टाकू नका.

१५. वापरलेली गाडी बघितली. १२ वर्षांची, पण रंग कोरा करकरीत. सोडू नये असं वाटतंय.

मला तर सोडाविशी वाटते. बाराव्या वर्षी कोणी हौसेने पूर्ण रंग देत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मुळाशी गाळाची रेघ दिसते का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचला. सीटखालचे स्क्रू गंजलेत का? मालक लोहचुंबक लावू देत नसेल तर चहा घेऊन उठा.

१६. आजोबांची १९७० च्या आधीची फियाट वाड्यात पडून आहे. हे सगळे नियम तिलाही लागू?

हिशेबाचे नाहीत. ५० वर्षांपुढची, मूळ रूप न बदललेली गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं, नंबरात "व्हीए" अक्षरं. मात्र ती रोज मंगळबाजारात नेता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. तिथल्या गाड्यांमागचा खर्च विचारायची सोय नव्हती, एवढंच सांगतो. फियाटची हाडं सडली असतील तरी ती भंगारात देऊ नका. तिचे दिवे, मीटर, पट्ट्या हव्या असलेले लोक आहेत.

१७. बाबा ऐकतच नाहीत. "अजून दहा वर्षं जाईल" म्हणतात. काय करू?

आमचे अण्णा असेच. त्यांच्या गाडीच्या फ्लोअरला भोक आहे हे मी सांगत होतो, ते "रंग बघ कसा आहे" म्हणत होते. एक दिवस काळाघोड्याच्या सिग्नलला माझ्या मुलीने शेंगांची टरफलं पायाखाली टाकली आणि गाडी पुढे गेल्यावर ओरडली, "आजोबा, टरफलं मागे रस्त्यावर पडलीत!" अण्णा म्हणाले, "मग बरंच की, झाडायला नको."

शेवटी मी त्यांना मकरपुऱ्याच्या एका रॅम्पवर नेलं, गाडी वर घेतली, हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि चहा आणायला गेलो. परत आलो तर अण्णा डाव्या घुमटाच्या खाली उभे होते, चष्म्यावर गंजाचा भुगा. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला होता आणि तो बाहेर कसा काढायचा हे ते मिस्त्रीला विचारत होते.